ब्रेकमधली बाधा

"झाला! कडक झाला!" रंगारी गाडीतूनच ओरडला आणि पत्र्याच्या शेडसमोरच्या गर्दीनं टाळ्या पिटल्या.

थोड्या वेळापूर्वी याच गाडीचा ब्रेक दाबला की पॅडल थेट तळाला टेकत होतं. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं होतं. आता रंगाऱ्यानं सगळा भार टाकला तरी ते खाली जाईना. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टपावर शिड्या, डिकीत रंगाचे डबे, असा तो चाकबाबांना हात जोडून उताराच्या रस्त्याला लागला.

चाकबाबांनी दुकान थाटलं होतं ते नेमकं गाड्यांच्या तपासणी केंद्रासमोर. आत नापास झालेली गाडी बाहेर पडली की आयती त्यांच्या दारात. गळ्यात बेअरिंगची माळ, हातात जुनं स्टिअरिंग आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "आतले लोक काय बघतात? लोखंड! अरे, लोखंडाला कधी रोग होतो का? गाडीला लागतो तो मागच्या मालकाचा तळतळाट! विज्ञानाचा पाना जिथं घसरतो, तिथं या बाबाचा हात बसतो!"

एरवी डॉक्टरताई हसल्या असत्या. पण रांगेत पुढचा नंबर त्यांच्या धाकट्या भावाचा होता. आज संध्याकाळी बायकोला आणि चार दिवसांच्या लेकीला प्रसूतिगृहातून तो याच गाडीत, याच उतारावरून घरी नेणार होता. ताई दवाखाना अर्धवट टाकून धावत आल्या होत्या त्या त्याला आवरायला. तो आवरत नव्हता.

गाडी लहानशी, जुनी. विकणारा शपथेवर म्हणाला होता, एका म्हाताऱ्या मास्तरांची आहे, आठवड्यातून एकदा बाजारात जायची. मास्तरांचा बाजार बहुधा चंद्रावर भरत असावा. पहिल्या पासिंगला दिवे आभाळाकडे बघतात म्हणून नापास. दिवे नीट केले तर पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, खिळखिळे. ते बदलले तर टायर आतल्या बाजूनं झिजलेले. आणि आज ब्रेक. मागच्या चाकापाशी ऑइल गळतंय, नळीत हवा शिरलीय, दुरुस्त केल्याशिवाय चालवू नका, असं तपासनिसानं बजावलं होतं.

"दर वेळी नवं दुखणं, ताई. एक बरं केलं की दुसरं उभं. ही बाधा नाही तर काय?"

"म्हातारपण. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या आजोबांचं हेच असतं. गुडघा बरा झाला की कंबर धरते."

"तुझी आपली सगळीकडे डॉक्टरकी! रंगाऱ्याचा ब्रेक लागताना पाहिलास ना, डोळ्यांनी?"

पाहिला होता. तेच ताईंना सलत होतं. बाबा लबाड आहे हे कळायला शिक्षण लागत नव्हतं, पण पॅडल खरोखर कडक झालं होतं. ते कसं, हे सांगता येत नाही तोवर भाऊ ऐकणार नव्हता. आणि संध्याकाळ काही लांब नव्हती.

चाकबाबांनी बॉनेटवर हात ठेवला. "गाडी चालू ठेव, बाळा. प्रत्येक 'सोड'ला पॅडल दाब. भराभर! मध्ये दम खायचा नाही! सोड चाक! सोड वाट! सोड गाडी! सोड पाठ!"

भावानं दाबलं. पहिल्या 'सोड'ला पॅडल तळाला गेलं, दुसऱ्याला जरा वरच अडलं, चौथ्याला घट्ट. त्याचा चेहरा लहानपणी पतंग वर चढल्यावर व्हायचा तसा झाला.

"आता निघ! वाटेत थांबू नको, महिनाभर कुणाला तपासू देऊ नको. शंका आली की कृपा गेली!"

भराभर का? आणि थांबायचं का नाही? ताईंनी वाकून हॅण्डब्रेक ओढला.

"छोट्या, पाय काढ. जरा गप्प बसू."

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा स्टिअरिंग आपटत येरझाऱ्या घालू लागले. काही वेळानं ताई म्हणाल्या, "दाब आता." पॅडल मुकाट्यानं तळाला गेलं.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "बाईंनी शंका घेतली! उतरली कृपा!"

"बरं, माझ्यामुळे उतरली. मग आता मीच चढवते," ताई म्हणाल्या. "छोट्या, मी म्हणेन तसं दाब, भराभर. कांदा! बटाटा! भोपळा! मुळा!"

मुळ्याला पॅडल कडक झालं. भाऊ पायाकडे बघतच राहिला. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

ताईंनी बॅगेतून दोन सिरिंज काढल्या. एकीत पाणी काठोकाठ भरलं, दुसरीत निम्मं पाणी, निम्मी हवा. दोन्हींची तोंडं बोटांनी बंद करून त्या पुढे उभ्या असलेल्या आजींना म्हणाल्या, "दाबा बघू."

"ही दबतच नाही," आजी म्हणाल्या. "आणि ही मेली फुसकी आहे."

"हवा दबते, पाणी दबत नाही. ब्रेकच्या नळीत नुसतं ऑइल असलं तर पायाचा जोर सरळ चाकापर्यंत पोचतो. हवा शिरली की तो जोर हवा दाबण्यातच संपतो. भराभर दाबलं तर दर वेळी थोडं जास्त ऑइल पुढे जातं, हवा आवळली जाते आणि पॅडल कडक लागतं. थांबलात की पुन्हा मऊ. मंत्र नुसता ताल धरायला आहे. उतारावर पोर आडवं आलं तर चार वेळा दाबायला सवड कोण देणार?"

भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "तो रंगारी गेला ना खाली."

रांगेतल्या एकाकडे रंगाऱ्याचा फोन नंबर होता. घंटी नुसती वाजत राहिली. एका टॅक्सीवाल्यानं बहीणभावाला गाडीत घेतलं. दुसऱ्या वळणावर शिड्या रस्त्यात पसरल्या होत्या, पांढरा रंग ओघळत होता आणि गाडी कठड्यात घुसली होती. रंगारी शुद्धीवर होता. त्याची मांडी मोडली होती.

ताईंनी पाय बांधला. रंगारी रडत होता, आणि ते फक्त दुखण्यामुळे नव्हतं.

"चूक माझीच, डॉक्टर. वळणाआधी मनात आलं, ब्रेक लागेल ना नक्की? आली शंका, अन् गेली कृपा."

इतका वेळ ताईंना नुसता राग येत होता. आता त्यांना रडू फुटलं. पाय मोडला तो मोडलाच, वर गुन्हाही त्या बाबानं याच्याच माथी मारला होता.

"अहो, ती शंका तुम्हाला वाचवायला आली होती," त्या म्हणाल्या. "तिला वरच येऊ दिलं असतं तर तुम्ही आज धडधाकट घरी गेला असता."

भावानं हे ऐकलं आणि तो तडक चढाला लागला.

रुग्णवाहिका निघून गेल्यावर ताई टॅक्सीनं वर आल्या. चाकबाबा माळेसकट पसार झाले होते. रांग मात्र होती तशीच उभी होती. "येतील की परत," कुणीतरी म्हणत होतं. भाऊ रांगेतल्या पहिल्या गाडीच्या खिडकीत वाकला होता. आवाज बसला होता, पण तो थांबत नव्हता.

"बाबांवर नको, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः दाबून बघा, काका. आता पाय काढा, थोडं थांबा. हं, आता परत दाबा. गेलं ना खाली? मग उतरा गाडीतून. घरी वाट बघणारं कुणीतरी असेल ना तुमचं?"