परसातली शांतता

काकूंनी श्वास रोखून धरला, कॅमेरा डोळ्याला घट्ट लावला आणि बटण दाबलं. मग मागच्या छोट्या पडद्यावर काय आलं ते पाहिलं. तुतीची फांदी आली होती. स्वच्छ, रेखीव, पानाची शीर न् शीर मोजून घ्यावी अशी फांदी, आणि तिच्यावर कोणीही नाही.

आधीचा फोटो कपडे वाळत घालायच्या दोरीचा होता. त्याच्या आधीचा नळाचा. नवा कॅमेरा येऊन बरेच दिवस झाले होते, त्याला हातभर लांब भिंग होतं, दुकानदाराने 'यात पाखराच्या डोळ्यातली चमकसुद्धा दिसेल' अशी छातीठोक हमी दिली होती. चमक दिसायला आधी डोळा हवा, डोळ्याला पाखरू हवं. मागच्या दारात स्टुलावर बसून काकूंनी आतापर्यंत टिपलं होतं ते एवढंच: झाड, भिंत, दोरी, नळ, एक पुसट शेपटी, आणि शेजाऱ्यांचं वाऱ्याने फुगलेलं बनियन.

काकूंचा जन्म हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेला होता. 'श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.' एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळी नोकरी रेटली. माणसांची हाडं बघून बघून कंटाळा आला, आता जे वरून सुंदर दिसतं ते बघायचं, असं त्यांनी निवृत्त होताना मुलीला सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण कॅमेरा घ्यायचं दुसरं एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पाखरांचे फोटो काढायचे तर शांतता लागते. आणि शांतता लागते असं म्हटलं की मास्तरांना गप्प बसवता येतं.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी चालवायला शिकवणारे. अर्ध्या गावाने स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते मास्तरांच्या शेजारी बसून. वय झालं, नजर अधू झाली, तसे ते घरी बसले, पण शिकवणं काही थांबलं नाही. दूध तापत असलं की यांचं सुरू: "कमी कर, अजून कमी, हं, आता सोड." मुलीने फोनवर कांदा चिरतेय म्हटलं, तर कांदा कसा धरावा यावर व्याख्यान. सकाळी परसात कपडे वाळत घालताना तर त्यांना ऊतच यायचा. "काय हो साळुंकीबाई, हे काय उतरणं झालं? मागे कोण येतंय ते बघत चला. आणि तू गं, खारोटे, सरळ रस्त्यात थांबतेस? बाजूला घे." तास तास चालायचं. जित्याची खोड, म्हणून काकूंनी तीस-पस्तीस वर्षं कानामागे टाकलं होतं. तेव्हा दिवसातले आठ तास तरी त्या घराबाहेर असत.

कॅमेरा आला त्याच दिवशी ते घडलं. तुतीवर बुलबुलाची जोडी बसली होती. काकूंनी भिंग रोखलं, तेवढ्यात मास्तर बादली घेऊन मागून आले.

"घाई नको. हळू. एकदम दाबू नकोस, बोट नुसतं टेकव, हं, आता—"

फोटोत बुलबुलाची शेपटी आली, तीही पुसट. काकूंच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, गप्प बसा हो एकदाचे. नोकरीत त्या मशीनच्या खोलीचं दार लावून बसायचे ना, तेवढंच काय ते माझं सुख होतं. घरी आले की आहेच तुमची टकळी."

मास्तर उभे राहिले. त्यांनी तोंडही वाकडं केलं नाही. बादलीतला एकेक कपडा पिळला, झटकला, दोरीवर घातला, चिमटे लावले आणि रिकामी बादली घेऊन आत गेले. त्या दिवसापासून ते बोलायचे थांबले.

रुसून नव्हे. रुसव्याला काकूंकडे उपाय होते. मास्तर चहा करत होते, भाजी आणत होते, विचारल्याचं उत्तर देत होते. 'दिवा घालवू?' 'हो.' 'पाणी आलं का?' 'आलं.' आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. काकूंनी सकाळची दोन घटका शांतता मागितली होती, त्यांना अख्खा दिवस मिळाला होता, रात्रीसकट.

पहिले दोन-चार दिवस त्यांना बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. मग घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मग फ्रिजची घरघर. मग मुलीचा फोन आला.

"आई, बाबांना बरं नाहीये का? मी काहीही सांगितलं तरी नुसतं 'बरं, बरं' म्हणतात."

"त्यांना काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. ताट बाजूला सारून त्या मास्तरांना म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलले ते मनावर घेऊ नका."

"नाही गं," मास्तर म्हणाले. "बरोबरच होतं तुझं." आणि ताटं उचलून घेऊन गेले.

तिथेच तो विषय मिटला, आणि मिटला हेच वाईट झालं. भांडले असते तर बोलावं तरी लागलं असतं. प्लास्टरमधून बाहेर काढलेला हात कसा बारीक झालेला असतो, कातडी सैल, बोटं विसरभोळी, हे काकूंनी हजारदा पाहिलं होतं. माणसाचा आवाज असाच बांधून ठेवला तर त्याचंही तसंच होत असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि मग जाईना. नवरा समोर धडधाकट बसलेला होता आणि काकूंना तो हरवेल अशी भीती वाटत होती.

आणि इतकं करून पाखरं काही येत नव्हती.

एका सकाळी परसातला नळ गळतो म्हणून प्लंबर आला. तो मास्तरांचाच शिष्य निघाला. काकू दारात स्टुलावर बसल्या होत्या, कॅमेरा मांडीवर. प्लंबरने वाकून पाना लावला आणि सहज म्हणाला, "मास्तर, परवा घाटात गाडी घातली. तुमची आठवण झाली."

"कोणत्या गिअरमध्ये उतरलास?"

"चौथ्यात."

"चौथ्यात!" मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मी तुला कितीदा सांगितलं होतं? ब्रेकवर पाय ठेवून बसला असशील. तापले असतील ब्रेक. वास आला ना? आला की नाही?"

"आला," प्लंबर हसत म्हणाला.

मग मास्तर सुटले. ब्रेक, वळण, समोरून येणारा ट्रक, ओला रस्ता. मधूनच "पाना असा उलटा नको धरूस" हेही झालं. काकू ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की दोरीवर एक चिमणी येऊन बसली आहे. मग दुसरी. भिंतीवर साळुंकी उतरली आणि मास्तरांपासून चार पावलांवर मातीत चोच मारू लागली. खार झाडावरून सरसर खाली आली. आणि तुतीवर, त्याच फांदीवर, बुलबुल, चोचीत पिकलेलं तूत धरून.

काकूंनी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. पाखराच्या डोळ्यातली चमक खरंच दिसत होती. दुकानदार खोटं बोलला नव्हता. चुकल्या होत्या त्या काकूच, शांततेच्या बाबतीत. ज्या परसात एक माणूस रोज बडबडतो, तिथल्या पाखरांना ती बडबड म्हणजेच सगळं ठीक आहे. बडबड थांबली, की समजायचं कोणीतरी टपून बसलंय. आणि टपून बसलेलंच होतं की कोणीतरी: दारामागे, अंग चोरून, श्वास धरून, डोळा रोखून. बोक्यात आणि काकूंमध्ये मिशांचाच काय तो फरक होता. काकूंना हसू आलं.

प्लंबर गेला. मास्तर हात पुसत वळले आणि त्यांना स्टुलावर काकू दिसल्या. त्यांचा चेहरा पडला.

"तू बसली होतीस होय? माझ्या लक्षातच राहिलं नाही. फोटो घालवला असेन मी."

"नाही हो, उलट—"

पण ते आत गेले होते. दोरीवरच्या चिमण्या थोडा वेळ बसल्या, मग एकेक करून उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दोन स्टुलं बाहेर टाकली.

"अहो, बाहेर या जरा."

मास्तर आले. "काय हवंय?"

"काही नको. बोला."

"काय बोलू?"

"काहीही. नेहमी बोलता तसं."

मास्तरांनी झाडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. ज्या माणसाला कधी शब्द पुरले नाहीत, तो हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसून राहिला. "नाही गं सुचत," ते शेवटी म्हणाले. त्यांनी ठरवलं होतं की माफी मागायची. पण मास्तर 'बरोबरच होतं तुझं' म्हणणार आणि पुन्हा सगळं मिटणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी माफी गिळली.

"हॉस्पिटलात एकदा एक माणूस आला होता," काकू म्हणाल्या. "खांदा निखळलेला."

मास्तरांनी मान हलवली.

"चढावर गाडी उभी होती त्याची. पुढे जायचं म्हणून त्याने आधी हँडब्रेक काढला. मग सावकाश गिअर टाकला."

 मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर जरासा दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो; तो पाय अजून तिथेच होता.

"मग गाडी लागली मागे जायला. बिचाऱ्याने शहाणपणा करून क्लच दाबून धरला."

पाय आणखी दाबला गेला.

"बरोबरच केलं म्हणा त्याने," काकू निरागसपणे म्हणाल्या. "क्लच दाबला की गाडी थांबते. पण ही थांबेचना. मग खाली उडी मारून त्याने गाडीला मागून—"

"क्लच दाबला की गाडी थांबते?" मास्तर म्हणाले. आवाज खरखरीत होता, गंज चढल्यासारखा. "कोणी सांगितलं तुला? क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटला. होती ती पकडही गेली. ती गाडी आता दगड आहे, दगड, चढावरून सोडलेला. आणि हँडब्रेक आधी काढला? अगं, आधी गिअर, मग क्लच अर्धा सोडायचा, गाडी जरा थरथरली पाहिजे, ती थरथर पायाला कळते, सीटला कळते, मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि मग हँडब्रेक. आणि खाली उडी मारून खांदा लावला? चालत्या गाडीला? असल्या माणसाच्या हातात किल्ली दिली कोणी? माझ्याकडे असता तर एक महिना त्याला नुसतं चढावर उभं केलं असतं..."

आवाजाचा गंज निघत होता. मास्तर उठून उभे राहिले होते. एका हातात नसलेलं स्टिअरिंग होतं, दुसऱ्यात नसलेला हँडब्रेक. दोरीवर चिमणी आली. साळुंकी आली. "आणि तुम्ही, बाई, मागचं न बघता उतरलात आज पुन्हा," मास्तर तिला जाता जाता म्हणाले आणि पुन्हा चढावर गेले. काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगातून सगळं ओलसर, पुसट दिसत होतं. त्यांनी भिंग फिरवून पाहिलं, तरी पुसटच. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि बटण दाबत सुटल्या.

मध्येच मास्तर थांबले. हँडब्रेकवरचा हात तसाच हवेत राहिला.

"पण हे तुला माहीत आहे," ते म्हणाले. "तुला मीच शिकवलंय. तुमच्या हॉस्पिटलच्या चढावर गाडी इंचभर मागे न येऊ देता तू काढायचीस. माझ्या एकाही पोराला तसं जमलं नाही."

काकूंनी कॅमेऱ्यातून डोळाही काढला नाही. मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. तुतीवर बुलबुल येऊन बसला होता, आणि ही शांतता त्याला चालत असावी, कारण तो उडाला नाही.

"मी तुला मध्येच तोडलं," मास्तर म्हणाले. "तू सांगत होतीस. मग पुढे काय झालं त्या माणसाचं?"

काकूंनी कॅमेरा खाली घेतला. सगळ्या संसारात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. आणि पंचाईत अशी, की खांदा निखळलेला असा कुणी माणूस हॉस्पिटलात कधी आलाच नव्हता.

"सांगते," काकू म्हणाल्या. "पण मोठी गोष्ट आहे. बसा."