टाचेखालचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना गिअरचा दांडा आहे. मोटरसायकलवर डाव्या पायाशी असतो ना, तोच. मला दोन टोकं आहेत. पुढचं चवड्यानं दाबलं की पहिला गिअर पडतो, मागचं टाचेनं दाबत गेलं की वरचे. कारखान्यातून गाडीबरोबरच आलो. अंगानं पोलादी, दिसायला साधा.

सांगलीच्या बाजारातले गुळाचे व्यापारी बादशहा हे माझे मालक. दर रविवारी ते वडूजला बहिणीकडं, साबेराकडं जात. एकदा गुळाची ढेप डाव्या पायावर पडली आणि त्यांचा अंगठा कायमचा ताठला. बोटं वर उचलली की कळ मस्तकात जायची. पण टाच शाबूत होती आणि टाचेखाली मी होतो. विट्याच्या पुढं चढ लागला तरी आमचं अडलं नाही.

त्यांची लेक झोया हिलाही लांबच्या प्रवासाची हौस. तिचा जाड बूट माझ्या दोन टोकांमध्ये अडकायचा. म्हणून तिनं बाहेरचा चकचकीत सेट मागवला. पाय ठेवायला रुंद पायटे आणि एकाच टोकाचा दांडा, वरच्या गिअरसाठी बोटांनी वर उचलायचा. ईदच्या सकाळी मला काढून तो बसवूनही टाकला.

"अब्बा, ही तुमची ईदी!"

"ईदी थोरांनी द्यायची असती गं."

"आमी उलटं केलं. कसं हाय?"

"लय झ्याक हाय," बादशहा म्हणाले. आणि काढून ठेवलेल्या माझ्याकडं एकदा बघितलं.

मी दुकानात आलो. माझ्यानं गूळ फोडू लागले. अंगाला मुंग्या लागल्या. पण खरं वाईट वाटलं ते रविवारी. बादशहा गल्ल्यावरच बसून राहिले. पुढच्या रविवारीही तसंच. कुणी विचारलं तर म्हणत, "गुडघा धरलाय."

शेवटी साबेराचा झोयाला फोन आला. "का गं, गाडी इकली का काय? माझा भाऊ वाट इसरला."

झोया गाडी घेऊन दुकानापुढं उभी राहिली. "चला वडूजला. तुमी चालवा, मी मागं बसते."

बादशहांना नाही म्हणवेना. गाडी निघाली ती पहिल्या गिअरात, बोंबलत. समोरचे हळदवाले नाथाजी ओरडले, "आवं बादशहाभाई, वरात काढली व्हय? घोडा सुदिक ह्याच्याम्होरं जाईल!"

बाजार हसला. झोयाही हसली आणि वाकून खाली बघू लागली. बापाची टाच मागं जात होती, जिथं मी असायचो तिथं. आणि तिथं काहीच नव्हतं. टाच रिकामीच खाली जायची, पुन्हा वर यायची.

तिचं हसू गेलं. "अब्बा, थांबवा. सांगितलं का न्हाई?"

"एवढ्या हौसेनं बसवलंस. तुझं त्वांड बघून कसं सांगू?"

"इतकी वर्षं तुमच्या मागं बसले," ती म्हणाली, "पण पाय कवाच बघितला न्हाई."

तिनं मला कोमट पाण्यानं धुतलं, गुळाचा चिकटा काढला आणि स्वतः पाना घेऊन जागेवर बसवलं. नवे पायटे तसेच ठेवले, ते बादशहांनाही आवडले होते. नवा दांडा तिच्या पिशवीत गेला. लांब निघाली की ती तो चढवते, परत आली की मला. त्याच्याशी माझं वैर नाही. तो तिच्या बुटाचा आहे, मी ह्या टाचेचा.

त्या रविवारी विट्याच्या पुढच्या चढाला टाच माझ्यावर टेकली. गाडी मुकाट चढली.

मित्रांनो, घरच्यांना नवं काही जरूर द्या. पण जुनं काढण्याआधी एकदा त्यांच्या पायाकडं बघा.