सत्यभामाबाईंची तूर आणि मी

मी एक जुने चाडे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिले नसेल. पेरणीच्या तिफणीवर बसवलेली मी एक लाकडी वाटी. माझ्या तळाला तीन भोके, प्रत्येक भोकातून एक नळी जमिनीत उतरते. वरून मुठीने बी सोडायचे, खाली तीन ओळी पेरल्या जातात. माकणीच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून कोरले आणि सत्यभामाबाईंच्या हाती दिले.

त्या हाताची सर कोणत्याच यंत्राला आली नाही. त्यांच्या बोटांतून ज्वारी अशी सुटे, की एक दाणा जास्त नाही, एक कमी नाही. ज्वारीतच थोडा मूग मिसळलेला असे. दर दुसऱ्या फेरीला माझी एक नळी चिंधीच्या बोळ्याने बंद होई आणि मागून चालणारी बाई त्या ओळीत तूर सोडी. मूग श्रावणात घरी येई, ज्वारी दिवाळीच्या सुमारास, तूर संक्रांतीला. पाऊस एकावर रुसला तरी दुसरे काहीतरी पदरात पडे. कडब्यावर जनावरे जगत, तुरीचा पाला गळून रान मऊ होई.

पण मी खोटे बोलणार नाही. त्या शेतीत सगळेच थोडे थोडे मिळे. पोट भरे, हात मात्र रिकामे राहत. आणि खुरपणीने बायकांच्या कमरा मोडत.

मग ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले. शंभर दिवसांत पीक हाती. सत्यभामाबाईंची नात निकिता लातूरला शिकायला गेली ती त्याच सोयाबीनवर. मला त्याचा राग कसा यावा? मात्र एका वर्षी काढणीच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला आणि सगळे रान एकदम काळे पडले. मागे उभे राहायला दुसरे पीकच नव्हते. तेव्हा सत्यभामाबाईंचा मुलगा रणधीर याने ऊस लावला. ऊस त्या पावसातही पडला नसता, हे खरेच. उसाने घरावर स्लॅब आला. त्याच उसाने चैत्रातच विहिरीचा तळ दाखवला आणि खालच्या अंगाची जमीन खारवून पांढरी केली.

उरली ती वरची मुरमाड पट्टी, अर्धा एकर. तिथे सत्यभामाबाई अजून मिसळून पेरत. त्यांच्या सासूपासून चालत आलेली लाल तूर राखेत घोळून मडक्यात जपत. गेल्या हिवाळ्यात मडक्याला भुंगा लागला. निम्मे बी गेले. उरलेले सगळेच यंदा माझ्या बंद नळीच्या ओळीत मातीत गेले.

ट्रॅक्टरवाला नंदीश बांधावरून हसला. "काकू, ह्या लाकडाला आता चुलीत घाला की! धा मिनिटांत पेरून देतो."

"तुझ्या ट्रॅक्टरला तीन बियांची नावं तरी ठावी हायत का रं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "पेरतो म्हणं."

पेरणी झाली आणि तिफण बांधावरच्या लिंबाला टेकवली गेली. तिथून मला सगळी पट्टी दिसे. महिन्याभरात तूर वीतभर झाली, आणि तणही. सत्यभामाबाई कमरेला फडके बांधून खुरपत. रणधीरला ते बघवेना.

बाई कमर दाखवायला धाराशिवला गेल्या, त्या दिवशी तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला. उसातले तणनाशक त्यात उरलेले होते.

"ज्वारीला चालतंय का रं ते?" बांधावरून जाणाऱ्या नंदीशने विचारले.

"उसाला काय हुत न्हाय, तर ज्वारीला काय हुतंय? दोनी गवताचीच जात. माय आली की बघंल, तण साफ!"

तो खरेच बोलत होता. ते औषध गवताच्या जातीला काही करत नाही, रुंद पानांना मारते. तुरीचे आणि मुगाचे पान रुंद असते, एवढेच तो विसरला. मिसळून पेरलेल्या रानाला तणनाशक नसते, खुरपेच असते. माझ्या तीनही भोकांतून वारा गेला, पण आवाज फुटला नाही. तो ओळीमागून ओळ फवारत गेला, आईच्या कमरेसाठी.

तिसऱ्या दिवशी तुरीचे, मुगाचे शेंडे पिळवटले आणि रोपांनी माना टाकल्या. ज्वारी मात्र टवटवीत उभी होती.

सत्यभामाबाई रानात आल्या. एकेका रोपापाशी वाकल्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि तिथेच बसल्या.

"माय, माझ्या ध्यानातच आलं न्हाय गं," रणधीर म्हणाला. "बाजारातून आणू की बी."

"बाजारात तूर मिळंल, लेकरा. ही न्हाय मिळायची." पिळवटलेला एक शेंडा खुडून त्या म्हणाल्या, "तू माझ्यासाठीच केलंस. ज्वारी निघाली की इथं बी ऊस लाव."

रणधीर मान खाली घालून उभा राहिला. मला वाटले, तो नाही म्हणेल. तो वळून उसाच्या रानाकडे चालू लागला.

मित्रांनो, कोणती शेती चांगली, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण तुमच्या घरात, शेजारात कोणी मडक्यात बी राखत असेल, तर आजच जा आणि एक मूठ मागून घ्या. दुसऱ्या रानात पेरा. एखादे बी एकाच मडक्याच्या भरवशावर सोडू नका.