मर्लचं शेवटचं भाषण

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, आमच्या आयोवातल्या गावात मर्ल दरवर्षी मरतो. म्हणजे लाइल त्याला मारतो. थडग्यांवर छोटे झेंडे लावून झाले, बंदुकांच्या तीन फैरी झडल्या, की लाइल माइक धरतो आणि व्हिएतनामात मर्लनं आपल्या मांडीवर प्राण कसा सोडला ते सांगतो.

लाइल, मर्ल आणि मी, तिघंही तिथं रसदीचे ट्रक चालवायचो. परत आल्यावर काही वर्षांनी गावच्या थिएटरात एक युद्धपट लागला. लाइलनं तो अकरा वेळा पाहिला. त्या मे महिन्यात मर्लच्या तोंडी देश, ध्वज आणि आई यांच्यावर लांबलचक भाषण आलं. पुढच्या वर्षी त्याच्या गोष्टीत पाऊसही पडायला लागला. शाळेनं ते भाषण मुलांकडून पाठ करून घेतलं. आमच्याकडे अमेरिकन माणूस असाच मरतो. लाइलला खोटारडा म्हणावं, तर गडी दरवेळी खरोखर रडतो. सगळं गाव डोळे पुसत असताना आपण कशाला मध्ये तोंड घाला, म्हणून मी गप्प बसलो. भित्रा म्हणा हवं तर.

यंदा सभागृहात जेवताना मर्लची बहीण आर्डिथ माझ्यासमोर येऊन बसली. म्हातारीनं ताटाला हातही लावला नव्हता.

"व्हर्न, तू होतास ना रे तिथं?"

"होतो."

"मग खरं सांग. आम्हाला शवपेटी उघडू दिली नव्हती. आणि हा लाइल सांगतो तो मुलगा काही माझा भाऊ नव्हे. अरे, मर्ल तोतरा होता! दुकानात पाव मागायचा तर घाम फुटायचा त्याला. पन्नास वर्षं मला वाटतंय, आपण भलत्यालाच पुरलंय."

तिच्या ताटात बटाट्याचं सॅलड होतं. मी ते का खात नाही, हे मला कुणी कधी विचारलेलं नाही.

"लढाई नव्हती, आर्डिथ. पाऊसही नव्हता. बटाट्याची पोती घेऊन चाललो होतो. उतारावर ब्रेक गेले. चालवत मर्ल होता, मी शेजारी."

"काही बोलला?"

"'उडी मार' म्हणत होता. 'उ... उ...' करत अडकला. मला कळलं, मी मारली. तो मात्र शब्द पुरा करत बसला."

आर्डिथनं ताट बाजूला सारलं.

"हा माझा मर्ल," ती म्हणाली. "समोरचा उठून गेला तरी शब्द पुरा केल्याशिवाय सोडायचा नाही."

मग ती रडायला लागली, आणि मीही.

लाइल येऊन आमच्या दोघांच्या पाठीवर हात फिरवून गेला. त्याला वाटलं, यंदा भाषण चांगलं झालं.