भिंतीवरची बाई

ग्रंथालयाच्या भिंतीवर नवऱ्यानं रंगवलेलं चित्र शिंपीणबाईंनीच काळा फवारा मारून बिघडवलं, हे कळल्यावर अख्ख्या गल्लीनं तोंडात बोटं घातली. सगळं चित्र नव्हे. पूल, नावा, बाजारातली गर्दी, सारं जागच्या जागी होतं. मधोमध कंदील धरून उभ्या असलेल्या बाईचं तोंड तेवढं गायब होतं.

ती बाई खरी होती. सासरे दवाखान्यात होते तेव्हा त्यांचं सगळं करणारी नर्स. चित्रकार नवरा वडिलांपाशी बसून असायचा आणि घरी आला की एकच टकळी: सिस्टर असं म्हणाल्या, सिस्टर तसं म्हणाल्या. शिंपीणबाई मशीनवर मान मोडून घर चालवत होत्या, त्यांनी ऐकून घेतलं. पण भिंतीवरचा पडदा उघडला आणि तोच चेहरा दोन माणसांच्या उंचीएवढा हसताना दिसला, तेव्हा त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

कोर्टात त्यांनी काही लपवलं नाही. न्यायाधीशांनी हुकूम दिला: रंगाचा खर्च हप्त्यांनी भरायचा आणि चित्र पहिल्यासारखं होईपर्यंत दुरुस्तीच्या कामावर राबायचं. दुरुस्ती अर्थातच चित्रकाराकडे होती.

परांचीवर दोघं शेजारी शेजारी बसायची, बोलायची मात्र खाली उभ्या असलेल्या, कोर्टानं नेमलेल्या देखरेख्याच्या मार्फत.

"त्यांना सांगा, थिनर संपलं."

"तिला सांगा, घासू नको म्हणावं. हलकेच टिपून घे. खालचा रंग सुटेल."

"सुटला तर सुटला."

"वहिनी, हे सांगू की नको?" देखरेख्या विचारायचा.

काळ्याखालून आधी एक डोळा निघाला. शिंपीणबाईंचा हात थांबला. पापणीची सूज, जागरणाची निळसर रेघ, सगळं किती मायेनं टिपलं होतं!

"हिच्या डोळ्याखालची रेघसुद्धा दिसली तुम्हाला," त्या थेट नवऱ्याला म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार झाला. मला एकदा तरी काढलंत?"

"तू कधी एका जागी बसलीस?"

"तुम्ही कधी बस म्हणालात?"

देखरेख्याला एकाएकी चहा आठवला. तो निघून गेला.

"तिच्याशी माझं तसलं काही नव्हतं गं."

"ठाऊक आहे मला. तसलं असतं तर भांडले असते. तुम्ही तिला बघितलंत नीट. यावर भांडू तरी कशी?"

चित्रकाराच्या हातातल्या ब्रशवरचा रंग वाळून गेला.

चेहरा पुरा होत आला तेव्हा ती नर्स स्वतःच आली. ड्यूटीवरून परतत होती, हातात भाजीची पिशवी. वर बघत म्हणाली, "अगंबाई, माझे कान एवढे मोठे आहेत?"

शिंपीणबाईंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

"मला वाटलं, कुणीतरी पेशंट चिडला असेल माझ्यावर," नर्स म्हणाली.

"पेशंट नाही. मी फासलं काळं."

"का हो?"

"यांनी तुम्हाला काढलं म्हणून."

नर्स गोंधळली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "आमच्या ह्यांनी अजून बघितलंसुद्धा नाही. चला म्हटलं तर म्हणतात, घरी रोज बघतोच की."

ती गेली. शिंपीणबाई पाठमोऱ्या बाईकडे कोपऱ्यापर्यंत बघत राहिल्या.

काम संपलं त्या संध्याकाळी चित्रकारानं घरी कागद पसरला. "बस."

"आज नको. कोर्टानं सांगितल्यासारखं नका काढू."

त्यानं कागद गुंडाळला. हल्ली मात्र तो दुपारी त्यांच्या शिवणाच्या दुकानात येतो, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतो आणि बघत राहतो.

"काय बघताय? सुईत दोरा ओवा," त्या खेकसतात. तो ओवून देतो.

हप्ते चालू आहेत. ग्रंथालयाकडे जायचं झालं तर शिंपीणबाई अजूनही मागच्या रस्त्यानं जातात.