देवाचा मोगरा

मालनबाईंनी मोरपंखी साडी आदल्या दिवशीच इस्त्रीला टाकली होती. नात सुवर्णाच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. वयाबरोबर श्वास आणि काळजाचे ठोके यांचं नातं कसं बदलतं ते लोकांना दाखवायचं, आणि त्यासाठी मंचावर बसायला घरातली एक म्हातारी हवी होती. नात आपली म्हणजे मान आपलाच, यात विचारायचं काय? पण पोरीला भारी न्यायाची खोड. "दोघींना मशीनवर तपासते, ठोक्यांची रेघ जिची चांगली तिला नेते," म्हणाली. दुसरी म्हणजे थोरली जाऊ फुलाबाई, मालनबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

मखमलाबादच्या मळ्यात, ओसरीवर दोघी जावा देवळासाठी मोगरा ओवत होत्या. सुवर्णानं आधी स्वतःच्याच छातीला वायरी लावल्या. लॅपटॉपवरची रेघ श्वासाबरोबर ऐटीत चढली, उतरली.

"श्वास घेतला की ठोके जलद, सोडला की संथ. वय झालं की हा फरक कमी होत जातो. आजी, आता तू. फुलाचा वास घेतात ना, तसा श्वास घे."

मालनबाईंनी घेतला. रेघ जागची हलेना.

फुलाबाईंची मात्र छान चढली, छान उतरली. सुवर्णानं टाळीच वाजवली. "मोठी आजी, या वयात एवढी!"

मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गोरा रंग हिचा, सासूबाईंचा लाड हिचा, आता काळीजही हिचंच तरणं!

"मशीन बिघडलंय तुझं," त्या फणकारल्या.

"आजी, तू श्वास वरच्या वर घेतेस गं," वायरी पुन्हा मालनबाईंना लावत सुवर्णा म्हणाली. "वास घेतल्यासारखा घे ना."

"वास कसा घेतात ते मला काय ठाव? देवाच्या फुलाला नाक लावायचं नाय, सासूबाईंनी पयल्याच दिवशी सांगितलं हाय." तेव्हापासून त्या तोंड फिरवून, अर्ध्या श्वासानं ओवत आल्या होत्या.

फुलाबाईंनी मान खाली घातली. "मी घेते," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंची पाठ वळली की घ्यायचे. अजूनबी घेते."

मालनबाईंची सुई थांबली. मग त्यांनी पाटीतला ओंजळभर मोगरा उचलला आणि त्यात नाक खुपसलं.

"आजी, हलली! आता सावकाश सोड. परत घे."

रेघ चढली. फुलाबाईंच्या निम्मी असेल, पण चढली. मालनबाईंचे डोळे भरून आले होते.

"मोठ्या आजीची जास्त आहे," सुवर्णा चाचरत म्हणाली, "पण तुझी पण..."

"त्यांनाच ने."

साडी, मंच, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. रेघेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या जावेकडे बघत होत्या, आणि जन्मात कधी वाटला नव्हता एवढा हेवा त्यांना आत्ता वाटत होता.

"पन्नास वर्षं एकट्याच वास घेत होत्या व्हय?" त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसून? मला एकदाबी सांगितलं नाय!"