सुरुंगावर बसलेली बाई

खाणीचा नियम: सुरुंग उडवायचं लाल निशाण लागलं की रस्ता बंद.

जतजवळच्या त्या दगडखाणीत त्रेचाळीस साली मुकादम कल्लाप्पा नेमकं बाजाराच्या दिवशी निशाण लावायचा. भाजीवाल्या खालूनच परतायच्या. मग खाणीवर विकत मिळायची ती फक्त त्याच्याच दुकानातली मिरची आणि किडकी ज्वारी. खाणीवर खडी फोडणाऱ्या साळूबाईच्या पोरीला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं होतं. दवाखान्यात सांगितलं होतं, पालेभाजी द्या.

आज निशाण लागताच साळूबाई भरलेल्या सुरुंगावर मांडी घालून बसली.

"ऊठ साळे. येड लागलं व्हय?"

"आवं मुकादम, लावा की वात."

"सरक गं," म्हणत तिच्यासोबत खडी फोडणारी बनुबाईही शेजारी टेकली.

कल्लाप्पाने निशाण उतरवलं. शेपूच्या टोपल्या वर चढल्या. साळूबाई उठली नाही.

"आता काय?"

"फुडच्या बाजाराचं बोला."